घोड्यावरचा मुकादम

१९८७ सालची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी शाखाधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. वय अठ्ठावीस. शाखा म्हणजे एका सावकाराच्या वाड्यातल्या पुढच्या दोन खोल्या, एक तिजोरी, एक रोखपाल, एक शिपाई आणि माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर ओलीने उमटलेला एक भला मोठा नकाशा. तो नकाशा झाकण्यासाठी मी पुण्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका जुन्या मासिकातले रंगीत पान खळीने चिकटवले होते. त्यावर मिलेचे प्रसिद्ध चित्र होते. कापणी झालेल्या शेतात वाकून पडलेली कणसे वेचणाऱ्या तीन बायका. छपाई यथातथाच, रंग एकमेकांवर चढलेले. पण ओल झाकली जात होती आणि येणाऱ्या साहेबलोकांवर आपल्या अभिरुचीची थोडी छाप पडेल, असाही एक चोरटा हेतू होता. साहेबलोकांपैकी कुणी त्या चित्राकडे पाहिल्याचे मला आठवत नाही.

पाहिले ते एका बाईने. म्हशीच्या कर्जासाठी ती आली होती. चाळिशीची असेल, पन्नाशीचीही असेल. उन्हात राबणाऱ्या बायकांचे वय मला कधीच ओळखता आले नाही. खुर्चीवर बसायला सांगितले तर ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणून ती दाराजवळ भिंतीला टेकून खालीच बसली. मी कागद चाळत होतो. बऱ्याच वेळाने वर पाहिले तर ती एकटक माझ्याकडे बघते आहे असे वाटले. मी जरा संकोचलो. मग लक्षात आले, तिची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली होती.

“सायेब, ह्या बाया काय येचत्यात?”

“गहू,” मी म्हणालो. “कापणी झाल्यावर पडलेला.”

“म्हंजी सरवा.”

“हो, सरवाच.”

“आपल्यावानीच की मग.” ती उठून जवळ आली. पदर तोंडाशी धरून तिने चित्र निरखले. “ह्या दोघी वाकल्यात. ही कडंची... ही वाकाया लागलीया का उठाया लागलीया?”

मी वळून पाहिले. ते चित्र मी विद्यार्थीदशेपासून पाहत होतो, त्याच्यावर दोन पाने लिहूनही काढली असती, पण हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. मी गप्प बसलो. तिला उत्तराची अपेक्षा नसावी. तिचे बोट आता चित्राच्या उजव्या कोपऱ्याकडे, दूरच्या गंजींपाशी गेले होते.

“आन ह्यो घोड्यावरचा मुकादम व्हय?”

घोड्यावरचा? मी खुर्ची सरकवून चित्राशी नाक नेले. पार मागे, गंजी आणि घरांच्या अलीकडे, छपाईच्या धुरकटात एक ठिपका होता. होय, घोडा होता. घोड्यावर माणूस होता. इतक्या वर्षांत मला तो दिसला नव्हता आणि तिला दोन मिनिटांत दिसला. नजर कुठून येते पाहा. जिच्या कामावर जन्मभर कुणी ना कुणी उभे राहून लक्ष ठेवलेले असते, ती चित्रात आधी तो माणूस शोधते.

चित्रांविषयी मी पुढे पुष्कळ वाचले. निवृत्तीनंतर तर तोच उद्योग झाला आहे. पण खेड्यातल्या बाईचे चित्र समोर आले की मी अजूनही तिचेच दोन प्रश्न विचारून पाहतो. ही वाकते आहे की उठते आहे? आणि घोड्यावरचा माणूस कुठे आहे?

मिलेने हे चित्र १८५७ साली पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात मांडले. तो स्वतः नॉर्मंडीतल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. पुढे पॅरिसजवळच्या बार्बिझोन या गावात तो कुटुंबकबिल्यासह राहिला आणि तिथेच १८७५ साली वारला. सरवा वेचणे हा फ्रान्समध्ये गरिबांचा पूर्वापार हक्क. पीक उचलून झाले की गावातल्या निराधार बायकामुलांनी शेतात शिरावे आणि जमिनीवर राहिलेले दाणे गोळा करावेत. बायबलमधली रूथची गोष्ट याच हक्कावर उभी आहे. आपल्याकडे ज्वारीचा असतो, भुईमुगाच्या शेंगांचा असतो, तसाच तो सरवा. मिलेच्या चित्रात मागे गंजीच गंजी रचलेल्या आहेत, गाडी भरते आहे, माणसांची लगबग आहे, उन्हाचा सोनेरी धूर आहे. आणि पुढे या तिघी, त्या सगळ्या सुबत्तेकडे पाठ करून, जमिनीला डोळे लावून. एकीचा हात मागे पाठीवर वळलेला आणि मुठीत वेचलेल्या काड्या. कमरेच्या कापडाची ओटी केलेली. चेहरे जवळजवळ नाहीतच. आहेत त्या पाठी.

या पाठींनी पॅरिसच्या सुखवस्तू मंडळींची झोप उडवली. १८४८ ची क्रांती होऊन दहा वर्षेही झाली नव्हती. काही टीकाकारांना या तिघी दारिद्र्याच्या देवता वाटल्या, काहींना त्यांच्या मागे बंडाची निशाणे दिसली. आता चित्रात बंड म्हणावे तर काहीच नाही. कुणी मूठ उगारलेली नाही, कुणी रडत नाही. फक्त काम किती जड आहे ते खरे दाखवले आहे. तेवढे पुरले.

गंमत अशी की दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, जूल ब्रतों नावाच्या चित्रकाराने याच विषयावर चित्र मांडले. तेही सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. संध्याकाळ झाली आहे, आकाशात चंद्रकोर आहे, शेताचा राखणदार तोंडाशी हात नेऊन वेळ संपल्याची हाक देतो आहे आणि सरवा वेचणाऱ्या बायका परत निघाल्या आहेत. पाय अनवाणी, कपडे फाटके. पण चाल कशी! डोक्यावर पेंढी, मान ताठ, जणू देवळातून निघालेली मिरवणूक. बादशहा तिसऱ्या नेपोलियनने ते चित्र विकत घेतले. साहजिक आहे. तेच शेत, तोच सरवा, तेच दारिद्र्य. पण बाई ताठ उभी राहिली की बादशहाला चालते आणि वाकली की चालत नाही. ब्रतोंच्या चित्रात राखणदार चांगला मोठा, जवळच उभा आहे. तरी त्याची भीती वाटत नाही, तो गावचा एखादा काका असावा तसा दिसतो. मिलेचा घोडेस्वार नखाएवढा आहे आणि त्याचे ओझे सगळ्या चित्रावर आहे.

बँकेतल्या माणसाला हिशेब सुटत नाही. मिलेला या चित्राचे तीन हजार फ्रँक मिळाले, तेही घासाघीस करून. त्याच्या मृत्यूनंतर, १८८९ मध्ये, शँपेनच्या धंद्यातल्या एका धनाढ्य विधवेने ते तीन लाख फ्रँकांना घेतले आणि पुढे राष्ट्राला दिले. बत्तीस वर्षांत शंभरपट. चक्रवाढीने दरसाल साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास पडते. असे व्याज मी कुणा ठेवीदाराला देऊ शकलो नाही. आपल्याकडेही आता हे सुरू झाले आहे. अमृता शेरगिलचे खेड्यातल्या माणसांचे १९३७ सालचे एक चित्र सप्टेंबर २०२३ मध्ये एकसष्ट कोटी ऐंशी लाखांना गेले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ चे चित्र एकशे अठरा कोटींच्या वर गेले. खेडे, खेड्यातल्या बायका, बैलगाडी. त्या वेळी मी मनाशी एक हिशेब मांडला होता, पण तो इथे देत नाही. रविवारी सकाळी वाचकांचा चहा कशाला कडू करायचा.

असो. कामाचे झाले, आता विश्रांतीचे.

काम करणारी बाई रंगवणे सोपे असावे. विश्रांती घेणारी खेड्यातली बाई रंगवणे अवघड, कारण ती मुळात दिसतच नाही. माझ्या शाखेच्या गावात दुपारी बांधावरच्या लिंबाखाली भाकरी खाऊन झाली की गडी टॉवेल तोंडावर टाकून आडवे होत. बायका बसून राहत. बसलेली बाईही रिकामी नसे. पोराला पाजायला घेई, शेजारणीच्या डोक्यातल्या उवा बघे, खुरप्याची मूठ ठोकून बसवी. घरी असली तर डाळ निवडी, वाती वळी, गोधडीला टाके घाली. ‘जरा पाठ टेकते’ हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडूनही आजारपणाखेरीज ऐकलेले नाही. बाईचा विसावा म्हणजे हलके काम.

म्हणून मला बास्तियँ-लपाज याचे १८७७ चे ‘गवतकापणी’ हे चित्र फार मोठे वाटते. हा लॉरेन प्रांतातल्या दामव्हिये गावचा पोरगा, अवघा छत्तीस वर्षांचा होऊन गेला. त्याच्या चित्रात कापलेल्या गवतावर पुरुष उताणा पडला आहे, टोपी तोंडावर ओढून झोपी गेला आहे. त्याच्या पुढे बाई बसली आहे. पाय समोर पसरलेले, पायात जाड बूट, हात मांडीवर गळून पडलेले, तोंड किंचित उघडे. आणि डोळे! ते कशाकडेही पाहत नाहीत. झोप येत नाही आणि जागेही राहवत नाही, अशी एक अवस्था असते. ती ज्याने घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर पाहिली असेल त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. ती सुंदर दिसत नाही म्हणून त्या काळी नाके मुरडली गेली. पण तिला सुंदर दिसायची सवड कुठे आहे?

मिलेने दुपारच्या झोपेचेही एक चित्र केले होते, १८६६ चे. गंजीच्या सावलीत नवरा-बायको दोघेही झोपलेली, बाजूला दोन विळे जोडीने ठेवलेले. व्हॅन गॉग वेड्यांच्या इस्पितळात असताना त्याने त्याची आपल्या निळ्या-पिवळ्या रंगांत नक्कल केली, ती जगभर गाजली. त्यात बाई झोपली आहे खरी, पण हातांत तोंड खुपसून, अंग मुडपून. पुरुष जागा पुरेपूर व्यापून पडला आहे. मी हे चित्र बायकोला दाखवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “निदान दोघे एकदम तरी झोपलेत.”

आता माझ्या स्वतःच्या चित्राकडे येतो. मी कुंचला कधी धरला नाही, पण खेड्यातल्या बायकांची शेकडो चित्रे मीही काढली आहेत. छापील अर्जावर. त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन. शेतमजुराला एक तृतीयांश अनुदान, बाकीचे कर्ज. अर्जावर एक रकाना असे, ‘व्यवसाय’. पुरुषाच्या अर्जावर मी ‘शेती’ लिही, ‘शेतमजुरी’ लिही. बाईच्या अर्जावर माझा हात विचार न करता ‘घरकाम’ लिहून मोकळा होई. चित्रातल्या घोडेस्वाराची ओळख करून देणाऱ्या त्या बाईच्या अर्जावरही मी ‘घरकाम’ लिहिले. तिने अंगठा केला. तिला वाचता येत नव्हते, मला येत होते.

महिन्याभराने तो अर्ज वरच्या कार्यालयातून शेरा मारून परत आला. अर्जदार गृहिणी असून दुग्धव्यवसायाचा अनुभव दिसत नाही, सबब फेरविचार व्हावा. मी तो शेरा दोनदा वाचला. ही बाई सात-आठ वर्षांची असल्यापासून दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढत होती, धारा काढत होती, वैरण आणत होती. सकाळी गोठा, दिवसभर खुरपण नाहीतर काढणी, संध्याकाळी पुन्हा गोठा. वरच्या साहेबाचा काय दोष? त्याच्यापुढे मी काढलेले चित्र होते. त्या चित्रात एक बाई घरात बसलेली होती.

दुरुस्ती करून, तलाठ्याचा आणि ग्रामसेवकाचा दाखला जोडून अर्ज पुन्हा पाठवण्यात चार महिने गेले. तेवढ्यात तिने पाहून ठेवलेली म्हैस दुसऱ्याने नेली. नंतर तिला दुसरी मिळाली, ती भाकड निघाली नाही एवढेच नशीब. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

हा एकट्या माझा गुन्हा होता असे म्हणून मी मोठेपणा घेणार नाही. आपल्या जनगणनेतही घर सांभाळणारी बाई काम न करणाऱ्यांत मोजली जाते. आणि शेतात वर्षाचे काही महिनेच रोजगार मिळाला तर १९८१ पासून तिचा एक वेगळा, ‘सीमांतिक’ असा रकाना झाला. सातबारावर तर तिचे नाव नसेच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचे प्रचंड अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेताचा तुकडा बायकोच्या नावे करा असा आग्रह धरला, तेव्हा आमच्या गावातल्या पारावर पहिला प्रश्न आला होता, “पण बायका शेतात असतात कुठं?” विचारणाऱ्याची बायको त्या वेळी शेतात होती.

तेव्हा चित्रे निरुपद्रवी असतात असे मला वाटत नाही. ज्यांनी अर्ज, रकाने आणि कायदे तयार केले त्यांच्या डोळ्यांपुढे खेड्यातली बाई कोणत्या रूपात उभी होती? बहुतेकांच्या घरच्या भिंतीवर ती होती तशीच. आणि भिंतीवर कोण होते ते आपल्याला ठाऊक आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवदेवतांबरोबर नऊवारी नेसलेल्या, घडीव बांध्याच्या स्त्रियाही घरोघर पोचल्या. त्यांच्यात मला गैर काही दिसत नाही. कोल्हापूरचे धुरंधर तर आमच्या मातीतले. त्यांनी ऑटो रोथफेल्ड या इंग्रज अंमलदाराच्या पुस्तकासाठी प्रांतोप्रांतीच्या, जातीजातीच्या बायका रंगवल्या, त्यांचा नेसण्याचा बारकावा आजही अभ्यासावा असा आहे. पण त्या बायका चित्रकारासमोर उभ्या आहेत. टोपली आहे, घागर आहे, काम मात्र थांबलेले आहे. या थोरांच्या मागून जी कॅलेंडरी पैदास झाली तिने उरलेसुरले कामही घालवले. उरली ती पाणवठ्यावरची हसरी पोरगी.

तिची आणि माझी एकदा समोरासमोर गाठ पडली. १९९५ च्या सुमारास मी विभागीय कार्यालयात होतो आणि ‘तुम्ही साहित्यिक’ म्हणून मला कॅलेंडर समितीवर घेतले. विषय ठरला होता, ग्रामीण महाराष्ट्र. मी उत्साहाने एका तरुण चित्रकाराकडून भात लावणाऱ्या बायकांचे जलरंग आणले. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरली, ओळीने वाकलेल्या सात-आठ पाठी. समितीने ते हातोहात फिरवले. सगळ्यांनी ‘छान आहे’ म्हटले. मग एक ज्येष्ठ अधिकारी म्हणाले, “ग्राहकाला वर्षभर पाठ दाखवायची का?” हशा झाला आणि ठराव झाला. जे चित्र छापले गेले त्यात एक तरुणी डोक्यावर एकावर एक तीन घागरी घेऊन, एक हात कमरेवर ठेवून हसत होती. मी समितीला सांगून पाहिले की घागरीत दहा-बारा लिटर पाणी मावते. तीन घागरींचे तीस-पस्तीस किलो होतात, वर पितळेचे वजन वेगळे. एवढे ओझे मानेवर घेऊन कुणी हसत नाही. “अहो, रिकाम्या असतील,” असे उत्तर आले.

अमृता शेरगिलला हे सगळे आधीच कळले होते. १९३४ च्या अखेरीला ती युरोपातून परतली, १९३६ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये तिची चित्रे मांडली गेली, मग तिने अजिंठा पाहिला. तिच्या ‘तीन मुलीं’ना १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्या तिघी काही करत नाहीत, कशाची तरी वाट पाहत बसल्या आहेत, आणि हसत तर मुळीच नाहीत. पुढे गोरखपूरजवळच्या सराया गावी, सासरच्या नव्हे तर माहेरच्याच जमीनदारीत, ती राहिली. तिथल्या काळातले, १९४० चे, ‘हळद दळणाऱ्या’ बघावे. झाडांच्या सावलीत बसलेल्या बायका, रंगांचे ढोबळ तुकडे, चेहऱ्यांचे लाड नाहीत. काम आहे आणि कामाबरोबर येणारी एक गुंगी आहे. त्याच वर्षीचे दुसरे एक चित्र मला अधिक अस्वस्थ करते. खाटेवर लाल कपड्यांतली एक तरुणी दुपारची लवंडली आहे. घरंदाज घरची असावी. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा आहे, बंद घराचा उकाडा आहे. आणि खाटेखाली जमिनीवर दुसरी एक बाई पंखा घेऊन बसली आहे. एकीची विश्रांती हे दुसरीचे काम. जमीनदाराच्या घरातल्या चित्रकर्तीने ते लपवले नाही. १९४१ च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ती लाहोरला वारली. माझ्या पहिल्या शाखेत रुजू होताना माझे जेवढे वय होते तेवढे. मी त्या वयात ‘घरकाम’ लिहीत होतो.

आपल्या बेंद्रे यांचे १९५५ चे ‘काटा’ मी या मालिकेत आवर्जून धरतो. पायातला काटा काढण्याएवढाच त्याचा विषय. अनवाणी बाईच्या दिवसातला कामाला सुट्टी देणारा एवढाच क्षण असतो, हे इंदूरहून मुंबई-बडोद्याला आलेल्या त्या माणसाने बरोबर हेरले.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर लेख फारच सोयीचा होईल. बदली होऊन ते गाव सोडताना मी त्या बाईला विचारले, भिंतीवरचे ते चित्र तुला हवे का? तिने हसून मान हलवली. “नगं. दमलेली बाई घरात कशाला? आमी हावोत की.” आणि तिने रोखपालाकडून बँकेचे कॅलेंडर मागून घेतले. त्या वर्षी त्यावर लक्ष्मी होती. कमळात उभी, हातातून मोहरा सांडणारी.

मी या उत्तरावर पुष्कळ विचार केला आहे. हसऱ्या पाणवठ्याविरुद्ध मी इतका तावातावाने बोलतो, पण ज्यांच्यासाठी बोलतो त्यांना घरात काय बघायचे आहे ते मी विचारले नव्हते. ती स्वतः शेतात जाताना कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून, ठळक कुंकू लावून जात असे. नटणे हा तिचा हक्क आहे, चित्रकाराने तिच्यावर लादलेली गोष्ट नव्हे. मग मिले कुणासाठी? माझ्यासाठी. कॅलेंडर समितीतल्या त्या ज्येष्ठांसाठी. दमलेल्या बाईचे चित्र तिच्या घरात नको, ते माझ्या खुर्चीमागेच हवे. खरे तर खुर्चीसमोर हवे होते, म्हणजे अर्ज भरताना दिसले असते. मी ते पाठीमागे लावले होते.

आणि ती स्वतः काढील ते चित्र कसे असेल? ठाणे-पालघरच्या वारल्यांकडे याचे अर्धे उत्तर आहे. लग्नाच्या घरात भिंतीवर चौक लिहिण्याचा मान तिथे पूर्वापार सवाष्णींचा. तांदळाच्या पिठाने, काडीच्या टोकाने. दोन त्रिकोण जोडले की माणूस, मागे अंबाडा दाखवला की बाई. लावणी, कांडण, पाणी भरणे, नाच, सगळे एकाच भिंतीवर, एकाच मापाचे. काम एकीकडे आणि सण दुसरीकडे अशी वाटणी तिथे नाही. मुकादम तर मी अजून एकाही जुन्या चौकात पाहिलेला नाही. १९७० नंतर भास्कर कुलकर्णींसारख्यांनी तिथे कागद पोचवला, जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर झाले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे खरोखर मोठे चित्रकार. पण भिंतीवर होते तोवर ते बायकांचे काम होते, आणि कागदावर येऊन त्याला किंमत आली तेव्हा खाली सह्या बहुतेक पुरुषांच्या दिसू लागल्या. हा रकाना कुणी भरला कोण जाणे.

२०१९ मध्ये मुलीकडे गेलो असताना पॅरिसला जाणे झाले. ओर्से संग्रहालयात सकाळी दार उघडल्या उघडल्या मी मिलेकडे गेलो. चित्र माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाले. उंची पावणेतीन फूट, रुंदी साडेतीन फुटांच्या जरा वर. लोक येत, फोन उंचावत, निघून जात. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही बघा, मी खाली कॉफी घेते.” मी पाऊण तास उभा होतो. माझा गुडघा बोलू लागला तेव्हा समोरच्या बाकावर टेकलो आणि पुन्हा उठलो.

उजवीकडची ती तिसरी बाई. गुडघ्यात किंचित वाकलेली, हातात छोटीशी जुडी, डोळे खाली. एकदा वाटले उठते आहे, कंबर सैल करायला. पुन्हा वाटले, छे, ही आताच वाकायला निघाली आहे. जवळून पाहिले, लांबून पाहिले, डावीकडून पाहिले. रखवालदार माझ्याकडे संशयाने बघू लागला. मला ठरवता आले नाही.

घोडेस्वार मात्र होता. मूळ चित्रात तो स्वच्छ दिसतो, पण केवढा! अंगठ्याच्या नखाएवढा. माझ्या भिंतीवरचे पान मूळ चित्राच्या चौथाईसुद्धा नव्हते. त्यात तो तिळाएवढा असणार, आणि रंग एकावर एक चढलेले. दाराजवळ भिंतीला टेकून बसलेल्या बाईला तो तेवढ्यात दिसला होता.